सोनटक्क्यांचा हात

कापसाची काडी केबलच्या कनेक्टरच्या तोंडातून बाहेर आली ती लाल होऊन.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बिपिनसर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "कुंकू! खंडेनवमीला कुणीतरी भक्तिभावानं थेट भोकातच वाहिलंय."

खंडेनवमीची पूजा आमच्या कंपनीत दरवर्षी स्वतः बिपिनसरच करायचे, त्यामुळे हे 'कुणीतरी' कोण ते खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मालकाच्या भक्तीवर बोलू नये, एवढं शहाणपण मला तेव्हाही होतं.

"कुंकूच असणार," सोनटक्के सर खिडकीपाशी उभे होते तिथून म्हणाले. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. "साफ झालं की पडद्यावरची रेघ बसेल जागेवर."

मला जरा नवल वाटलं. याच माणसानं मला शिकवलं होतं की कारण सापडलं असं वाटलं की अजून एकदा बघायचं. त्यांचा दुसरा एक नियम तर मी झोपेतही म्हणून दाखवला असता. आकडा बरोबर आला पण कारण चुकीचं असेल, तर तो लिहायचा नाही. आणि आज ते कुंकवावर इतक्या पटकन राजी झाले होते.

हे सगळं पुण्यात, सातारा रस्त्यावरच्या एका औद्योगिक वसाहतीत घडलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही पुलावर बसवायची पाणीमापक यंत्रं बनवत होतो. पुलाच्या कठड्याखाली एक डबी लटकते, ती खाली नदीकडे बारीक रेडिओलहरी सोडते, पाण्यावरून परत आलेली लहर पकडते आणि पाणी किती चढलं ते सांगते. काठच्या गावांना उठवायचं की झोपू द्यायचं, ते त्या आकड्यावर ठरायचं. म्हणून प्रत्येक डबी बाहेर पडण्याआधी टेबलावर तपासली जायची, आणि पुलावर बसवल्यावर पुन्हा तिथे.

तपासणी सांगायला सोपी. एका बाजूला अ‍ॅनालायझर नावाचं मोठं यंत्र, दुसऱ्या बाजूला डबी, मध्ये केबल. केबलच्या टोकाला बोटाएवढा प्रोब असतो, तो डबीच्या तोंडासमोर अधांतरी धरायचा. यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटते. ती स्थिर राहिली तर आकडा घ्यायचा. गोम अशी, की इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीला केबल नुसती वाकली तरी आतून धावणारा सिग्नल तसूभर लवकर किंवा उशिरा पोचतो, आणि रेघ हलते. म्हणून बाकीच्या कंपन्या प्रोब धरायला स्टँड वापरत. आमच्याकडे स्टँड नव्हता. आमच्याकडे सोनटक्के होते.

प्रभाकर सोनटक्के बिपिनसरांच्या वडिलांच्या वेळचे. कंपनी एका गाळ्यात सुरू झाली तेव्हापासून तपासणीचं टेबल त्यांचं. त्यांनी प्रोब धरला की पडद्यावरची रेघ आखल्यासारखी सरळ. गिऱ्हाईक आलं की बिपिनसर त्याला आधी चहा द्यायचे आणि मग सोनटक्क्यांचा हात दाखवायचे. "हा आमचा स्टँड, साहेब. असा तुम्हाला जर्मनीतही मिळायचा नाही." सोनटक्के सर लाजायचे, पण प्रोब मात्र दर वेळी नेमका हाताशीच ठेवलेला असायचा. मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. माझ्या हाताबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "मालविका, तुझा हात म्हणजे पंगतीतला नवा वाढपी. पानात कमी, जमिनीवर जास्त."

तर त्या दिवशी मी कनेक्टर स्पिरिटनं धुऊन, वाळवून, पुन्हा जोडला. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्राला सांगितलं की ही केबल अशी आहे, हिला धरून चाल. बिपिनसर समाधानानं निघून गेले. सोनटक्के सरांनी प्रोब धरला आणि रेघ थरथरली.

"आत खोलवर असेल अजून," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांना बाहेर फोन आला म्हणून ते गेले, आणि मी सहज प्रोब हातात घेतला.

रेघ माझ्या हातात हलायची तशी थोडी हलली, आणि बसली. मी प्रोब ठेवला, पुन्हा धरला. पुन्हा बसली. माझा वाढप्याचा हात त्यांच्यापेक्षा स्थिर निघाला होता. एरवी मी हे सगळ्या कंपनीला ओरडून सांगितलं असतं. त्या दिवशी मी प्रोब हलकेच खाली ठेवला.

मान वळवली तर सोनटक्के सर दारात उभे. त्यांनी पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मग उजवा हात खिशातून काढून माझ्यासमोर धरला. हात हलत होता. फार नाही, चहाचा कप असता तर बशीवर किणकिणला असता एवढा.

"गेल्या दिवाळीत कळलं," ते म्हणाले. "पणत्या लावताना. काडी वातीपाशी थांबेना. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, वयाचा कंप आहे. कोपर टेकलं की थांबतो, उचललं की सुरू. गेल्या हिवाळ्यात पुलांवर जाणवण्याइतका नव्हता, आता वाढलाय. जाणार मात्र नाही."

"बिपिनसरांना सांगितलंत?"

"त्याला काय सांगू? तो माझा हात दाखवून ऑर्डरी आणतो. हात गेला तर मी कोण? स्टोअरमध्ये बसून स्क्रू निवडणारा म्हातारा." ते खुर्चीत बसले. "मला हे टेबल हवंय गं. बाकी काही नको. घरी मी फार वाईट माणूस असतो, सुनेला विचार. इथे बरा असतो."

"मी कुणाला बोलणार नाही."

"ते माहीत आहे. म्हणून तर दार लावलं."

तेव्हापासून मला दिसू लागलं की ते प्रोब धरताना कोपर टेबलाच्या कडेला रोवतात. माझ्यासमोर आता ते लपवतही नव्हते. टेबलावर असं भागायचं. पण डब्या बसवायला पुलावर गेलं की तिथे कोपर टेकायला काही नसतं, आणि त्या वर्षी पुलांचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं.

कुंकू जाऊनही रेघ अधूनमधून हलते म्हटल्यावर बिपिनसरांनी निकाल लावला की केबलच जुनी झाली. नवी घ्यायची, टेबलासाठी आणि पुलासाठी एकच, आणि ती मी निवडायची. मला वाट सापडली असं वाटलं. हात बरा होणार नव्हता, पण ज्या केबलला हाताशी देणंघेणं नाही अशी केबल मिळाली तर?

मी आठवडाभर माहितीपत्रकं वाचत बसले. आमची जुनी केबल जाड आणि ताठ होती. जाड केबलमध्ये सिग्नल कमी मुरतो, पण तिला वाकवलेलं खपत नाही. बारीक केबल हवी तशी वळते, पण वाटेत सिग्नल खाते. बारीक, मऊ आणि तरी कमी खाणारी अशीही एक जात होती. तिच्या आत पातळ पट्ट्यांचे थर गुंडाळलेले असत. आकडे बरे दिसत होते. पण माहितीपत्रकातले सगळे आकडे सरळ ताणून निजवलेल्या केबलचे. हातात धरल्यावर ती कशी वागते, ते कुणी छापत नव्हतं. मी विक्रेत्याला फोन करून तिन्ही नमुने मागवले.

विक्रेता म्हणजे ठाण्याचे हर्षल कुलथे. बोलायला लागले की बोलतच राहणारे. दिवाळीच्या तोंडावर ते बॅग घेऊन आले, टेबलाभोवती आम्ही चौघं जमलो. आमच्याकडची रीत अशी की नवी केबल पारखताना कॅलिब्रेशन झालं की ती मास्किंग टेपनं टेबलाला चिकटवायची, वर पितळी वजनं ठेवायची, आणि मग टेबलाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मी एकेक केबल तशी निजवून मोजली. जाड केबल उत्तम. साध्या बारीक केबलनं सिग्नल अर्ध्या वाटेतच गिळला, ती कुलथ्यांनी स्वतःच गुपचूप बॅगेत टाकली. तिसरी निळी, पायजम्याच्या नाडीसारखी मऊ. तिचा सिग्नल जाड केबलपेक्षा किंचित कमी आला.

"मग जाडच," बिपिनसर म्हणाले.

"सर, निळी घेऊ. तेवढी घट यंत्र सहज भरून काढतं."

"पण घट कशाला घ्यायची?"

"पुलावर वारा असतो. जाड केबल वाऱ्यानं हलली की रेघ हलणार."

"पुलावर सोनटक्केकाका जातात. काकांच्या हातात कधी हललीय रेघ?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दुसऱ्याच्या खिशात होतं.

"काका, कुलथ्यांनी तुमचा हात बघितला नसेल," बिपिनसर उत्साहानं म्हणाले. "जाड केबलवरच दाखवा. मालविका, टेप काढ."

मी सोनटक्के सरांकडे बघायचं टाळलं. ते आले, खुर्ची पुढे ओढली, कोपर टेबलाच्या कडेला रोवलं आणि प्रोब धरला. रेघ आखल्यासारखी सरळ.

"क्या बात है!" कुलथे म्हणाले. "साहेब, हा हात आमच्या कंपनीला द्या."

"हात द्यायचा नाही. केबल द्या तुमची, जाड," बिपिनसर हसले.

म्हणजे झालं. जाड केबल येणार, टेबलावर कोपराच्या आधारानं चालेल तितके दिवस चालणार, आणि पुलावर पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडणार. किंवा त्याहून वाईट, उघडं पडणारच नाही. हलत्या रेघेतून कुठला तरी आकडा पकडून लिहिला जाईल आणि डबी नदीवर खोटं बोलत राहील. सोनटक्के सरांच्याही मनात हेच आलं असावं. त्यांनी टेबलावर पडलेल्या निळ्या केबलकडे पाहिलं. मग कोपर उचललं.

रेघ नाचायला लागली.

"अरे?" बिपिनसर पुढे झाले. "कुलथे, ही तर आमच्या जुनीसारखीच आहे. सैल आहे का कुठे?"

"साहेब, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं!" कुलथ्यांचा चेहरा उतरला. "आत्ता तर चांगली होती."

"निळी लाव गं," सोनटक्के सर म्हणाले.

मी निळी जोडली, पुन्हा कॅलिब्रेशन केलं. त्यांनी प्रोब हातात घेतला, कोपर न टेकता, हात पार लांब करून. हात हलत होता, ते मला जागेवरून दिसत होतं. केबल त्याच्याबरोबर अलगद झुलत होती. रेघ तशीच. मला क्षणभर वाटलं, पडदाच अडकला.

"ठरलं, निळी," बिपिनसरांनी टेबलावर थाप मारली, स्वतःचाच नियम मोडून. "मालविका, तुझं बरोबर होतं. जाड केबलचा नमुना खराबच निघाला."

मला इतका आनंद झाला की हसू दाबताना नाकातून आवाज आला. सगळं जमलं होतं. हवी ती केबल येणार होती, कुणाला काही कळलं नव्हतं, आणि सोनटक्के सर निवृत्त होईपर्यंत त्या टेबलावर बसू शकणार होते. फक्त आता कुणी काही बोलायचं नव्हतं.

"बिपिन," सोनटक्के सर म्हणाले, "ती केबल खराब नाही."

"काका, डोळ्यांनी बघितलं ना आत्ता."

"बघितलंस ते बरोबर. कारण चुकीचं लावतोयस." त्यांनी प्रोब खाली ठेवला आणि रिकामा हात टेबलावर अधांतरी धरला. "हा बघ. केबल नाही, हात हलतोय."

कुलथे बॅगेची चेन उघडून आत काहीतरी शोधू लागले.

"कधीपासून?" बिपिनसरांनी विचारलं.

"गेल्या दिवाळीपासून."

"मग ते कुंकू?"

"कुंकू तूच घातलं होतंस, ते खरं आहे. रेघ मात्र मी हलवत होतो."

एरवी या वाक्यावर बिपिनसर खो खो हसले असते. "मला सांगितलं का नाही, काका?" त्यांचा आवाज दुखावला होता. "बाबा गेल्यावर मी तुम्हाला विचारल्याशिवाय एक निर्णय घेतला नाही इथे."

"तू जगाला माझा हात दाखवत होतास रे. सांगितलं असतं, तर दाखवायला काय उरलं असतं?"

बिपिनसर खिडकीपाशी गेले. मला सोनटक्के सरांचा भयंकर राग आला होता. एक वाक्य गिळता आलं नाही या माणसाला! सगळं आयुष्य टेबलाशी घालवलं आणि एका वाक्यात ते टेबल देऊन टाकलं.

"स्टँड करून घेऊ," बिपिनसर वळून म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. "उद्याच सांगतो वर्कशॉपला. तुम्ही आता निवांत बसा, काका. हाताला त्रास नको."

सोनटक्के सरांनी मान डोलावली आणि टेबलावरचा आपला चष्मा उचलून खिशात ठेवला. तो चष्मा मी कधी त्यांच्या खिशात पाहिला नव्हता, तो कायम टेबलावरच असायचा. माझा धीर सुटला.

"सर, स्टँड नको," मी म्हणाले. आवाज नको इतका चढला. "पुलावर स्टँड कुठे लावणार? तिथे वारा असेल, माझ्यासारखीचा हात असेल, घाईत असलेला कुणी तंत्रज्ञ असेल. आज या दोन केबल्समधला फरक कशामुळे कळला? माहितीपत्रकात होता? टेपखाली चिकटवून मोजलं तेव्हा तर जाडच सरस ठरली. तुम्ही ती घेतली असती. सोनटक्के सरांनी कोपर उचललं म्हणून कळलं. यापुढे इथे येणारी प्रत्येक केबल आधी त्यांच्या हातात द्या. त्यांच्या हातात रेघ टिकली तर ती कुठल्याही पुलावर टिकेल."

"ताई बोलतायत त्यात तथ्य आहे," कुलथे बॅगेत डोकं घालूनच म्हणाले.

सोनटक्के सरांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. "म्हणजे इतकी वर्षं हात न हलवण्याचा पगार घेतला," ते म्हणाले, "आता हलवण्याचा घेऊ?"

बिपिनसर हसले नाहीत. "बघू," म्हणाले, आणि कुलथ्यांना घेऊन निघून गेले.

आमच्याकडे 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असे. वर्कशॉपचा माणूस येऊन टेबलाचं माप घेऊन जाईल म्हणून मी दिवाळीच्या सुटीपर्यंत रोज दाराकडे बघत होते. तो आला नाही. सुटीनंतर निळ्या केबल्सचं खोकं आलं. बिपिनसर ते स्वतः उचलून आत घेऊन आले आणि सोनटक्क्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"काका, आधी तुम्ही," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहून त्यांनी एकूण एक केबल त्या हातातून जाताना पाहिली. दोन केबल्सवर रेघ हलली. त्या परत गेल्या. चष्मा टेबलावर आला.

त्या हिवाळ्यात पुलांवर मी गेले. कठड्याशी वाकून, एका हातानं ओढणी आणि दुसऱ्या हातानं प्रोब सांभाळत मी डबीमागून डबी तपासली. वारा केबलला झोके देत होता आणि पडद्यावरची रेघ ढिम्म हलत नव्हती. मी पुलावरून फोन करून त्यांना सांगितलं. "वाढप्याच्या हातात? मग चांगलीच आहे केबल," ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मी आदल्या दिवशीच सगळ्या कनेक्टरांना टोप्या घालून ठेवल्या. बिपिनसर तबक घेऊन आले. अ‍ॅनालायझरला हळदकुंकू लागलं, सोल्डरिंगच्या बंदुकीला लागलं, पितळी वजनांना, निळ्या केबल्सच्या वेटोळ्याला. प्रत्येकावर झेंडूचं फूल. सगळं झालं तसे ते तबक घेऊनच सोनटक्क्यांसमोर आले.

"काका, हात."

प्रसाद असेल म्हणून सोनटक्के सरांनी उजवा तळवा पुढे केला. बिपिनसरांनी तो हात पालथा करून आपल्या डाव्या तळव्यावर घेतला आणि त्याला हळद लावली. मग कुंकू लावायला गेले, ते हात हलला म्हणून मनगटापर्यंत सांडलं.

"नीट लाव," सोनटक्के सर म्हणाले. "आणि बघ हां, कनेक्टरात घालू नकोस."

आम्ही सगळे हसलो. बिपिनसरांनी तबकातलं शेवटचं फूल त्या हातावर ठेवलं, आणि ते पडू नये म्हणून हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले.